बाबांना सही करता येते तोवर : डिमेन्शिया झालेल्या माणसाला घरी सांभाळताना

आमचे बाबा, म्हणजे माझे सासरे, इंदूरच्या हुकुमचंद मिलमध्ये टाइमकीपर होते, कामगारांची हजेरी आणि वेळ लिहिणारे. १९९१ साली मिल बंद पडली, त्यानंतर वीस वर्षं त्यांनी क्लॉथ मार्केटात एका पेढीवर वह्या लिहिल्या. हिशेबात चार आणे जुळले नाहीत तर रात्री जेवण जात नसे. हा माणूस २०१८ च्या गणपतीत गल्लीची वर्गणी मोजायला बसला आणि तीनदा मोजून तीन वेगळे आकडे सांगितले. आम्ही म्हटलं, वय झालं. पुढे दीड वर्ष आम्ही हेच म्हणत राहिलो.

ते दीड वर्ष आम्हाला सगळ्यात महाग पडलं. म्हणून तुमच्या घरात हे, म्हणजे डिमेन्शिया (आठवण आणि समज हळूहळू जाण्याचा आजार), आत्ता सुरू होत असेल तर खालच्या पायऱ्या ह्याच क्रमाने घ्या. दुसरी पायरी तर आजच वाचा, बाकीच्या रात्री वाचल्या तरी चालेल. औषधांचं डॉक्टर सांगतील, मी घरातलं सांगते.

१. आधी दुखण्याला नाव मिळवा

म्हातारपणी सगळेच विसरतात. आमच्याकडे खटकलं ते वेगळंच. बाबा मनगटावरच्या घड्याळाकडे नीट बघायचे आणि मग मला विचारायचे, "सूनबाई, किती वाजले?" डोळे चांगले होते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. काटे दिसत होते, पण त्यांचा अर्थ लागत नव्हता. पुढे डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं तेव्हा बाराच्या बारा आकडे एका बाजूला दाटीवाटीने बसले आणि डावी बाजू कोरी राहिली. टाइमकीपरने काढलेलं घड्याळ! हे, म्हणजे माझे यजमान, बाहेर जाऊन उभे राहिले.

आधी घरच्या फिजिशियनकडे जा, मग न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे. रक्ताच्या तपासण्यांत बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर आहे ना ते बघा, आणि डॉक्टर म्हणतील तसं डोक्याचं सीटी किंवा एमआरआय. ह्या तपासण्यांना कंटाळू नका. बी-१२ कमी असणं (शाकाहारी घरांत हे फार दिसतं), थायरॉइड, नैराश्य, महिना-दोन महिन्यांपूर्वी पडल्यामुळे डोक्यात साकळलेलं रक्त, ह्या सगळ्यांत माणूस असाच गोंधळतो आणि उपचाराने सुधारूही शकतो. ऐकू कमी येत असेल तर तेही तपासा.

इथे तीन ठिकाणी घोटाळा होतो.

पहिला, डॉक्टरांसमोर आपला माणूस एकदम तरतरीत होतो. बाबांनी तर डॉक्टरांनाच "कसं काय चाललंय?" विचारलं. म्हणून घरच्या तक्रारी तारखांसकट कागदावर लिहून आधीच आत पाठवा. त्यांच्यासमोर त्यांच्या चुका मोजू नका, घरी आल्यावर त्याचं उट्टं निघतं.

दुसरा, भाषेचा. स्मरणशक्तीची चाचणी मराठीत घ्यायची विनंती करा, किंवा शेजारी बसून शब्द मराठीत सांगू का म्हणून विचारा. बाबांना "आज क्या तारीख है?" विचारलं. ते म्हणाले, "आज संकष्टी." उत्तर बरोबर होतं, घरात सकाळपासून चंद्रोदयाचंच चाललं होतं. तिथल्या मुलाने शून्य मार्क लिहिला.

तिसरा, "डिमेन्शिया आहे" एवढ्यावर परत येऊ नका. कोणता, ते विचारा. अल्झायमर सगळ्यांत जास्त आढळतो. रक्तवाहिन्यांमुळे होणारा असेल तर रक्तदाब आणि साखर सांभाळण्यावर सगळा भर असतो. लुई बॉडी प्रकारात शांत करण्याची काही औषधं जिवावर बेतू शकतात, म्हणून त्या पेशंटच्या फाइलवर हे नाव मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं.

डोनेपेझिल, मेमेंटिन वगैरे औषधांनी आजार बरा होत नाही, काही काळ कारभार थोडा बरा चालतो. डोनेपेझिलने जुलाब, मळमळ होऊ शकते, नाडीही मंदावू शकते. चक्कर येते म्हणाले तर लगेच कळवा.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार देशात साठीपुढच्या दर शंभर माणसांत सातांहून जास्त जणांना डिमेन्शिया आहे, म्हणजे अठ्ठ्याऐंशी लाखांच्या आसपास. आमच्या रामबागेतल्या एका गल्लीत मी विचारत गेले तेव्हा तीन घरं निघाली. तिन्ही घरांत "थोडं विसरतात" एवढंच सांगत होते.

२. कागद : सही येते तोवर

निदान झालं त्या आठवड्यात आम्ही देवळात गेलो, आयुर्वेदाचं विचारलं, पुण्याच्या भाऊजींना फोन केले. बँकेत गेलो नाही. तुम्ही आधी बँकेत जा.

सगळ्यांना वाटतं, मुखत्यारपत्र करून घेतलं की झालं. आम्हीही तेच धरून बसलो होतो. पण आपल्याकडच्या कायद्यात माणसाला समज राहिली नाही की त्याने दिलेलं साधं मुखत्यारपत्रही संपतं. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच ते कामाचं राहत नाही. त्यानंतर त्यांच्या एकट्याच्या नावावरच्या वस्तूला हात लावायचा तर कोर्टातून पालक नेमून आणावा लागतो. वकील, डॉक्टरी अहवाल, तारखा, महिने.

म्हणून त्यांना समजतंय, विचारलं तर हो-नाही सांगता येतंय, तेव्हाच ही कामं करा. त्यांना फसवून नव्हे, समोर बसवून, समजावून:

- प्रत्येक खातं जोडखातं करा, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" ह्या पद्धतीचं. बचत खातं झालं म्हणजे एफडी झाली असं नाही, एफडी वेगळी बघा. लॉकर वेगळा बघा.
- नॉमिनी सगळीकडे तपासा. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे भावंडांना आधीच सांगून ठेवा.
- मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार हवेत, आणि ज्यांना त्यात काही मिळणार आहे ते साक्षीदार नकोत. त्याच दिवशीचा "समजून उमजून सही करत आहेत" असा डॉक्टरांचा दाखला जोडा. पुढची भांडणं तिथेच मिटतात.
- २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे आपल्या उपचारांबाबत कोणाचा शब्द धरावा हे माणूस साध्या कागदावर लिहून सही करून ठरवू शकतो. तो कागद करून घ्या.
- आधारला लागलेला मोबाइल नंबर चालू आहे ना बघा, बोटांचे ठसे नव्याने देऊन ठेवा. पुढे माणूस मशीनवर बोट ठेवू देत नाही.
- समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबाच्या नोंदीचा नंबर. मध्य प्रदेशात राहता तर हे सांगायला नकोच, पण त्यातलं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का? आमच्याकडे एकीकडे "राव" होतं, एकीकडे नव्हतं. तीन चकरा झाल्या.
- वय सत्तर किंवा त्याच्या वर असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरच उपयोगी. डायपर, अटेंडंट, महिन्याची औषधं, हे सगळं खिशातून.
- दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) सरकारी दवाखान्याच्या बोर्डाकडून मिळतं. चाळीस टक्के किंवा त्याच्या वर असेल तर आयकरातही काही सवलती लागू होतात, त्याचं तुमच्या सीएला विचारा.

आता आमचं. २०२० च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही बाबांचं बचत खातं जोडखातं केलं. दुसऱ्या बँकेत एक एफडी होती. ते काम "पुढच्या आठवड्यात" म्हणून ठेवलं. पुढच्या आठवड्यात ह्यांना ताप, त्याच्या पुढच्या आठवड्यात लॉकडाऊन, आणि इंदूरची त्या वेळची परिस्थिती आठवत असेलच. बाहेर पडायची सोय झाली तोवर बाबांची सही मोडली होती. पहिलं अक्षर यायचं, मग पेन तिथेच गोल गोल फिरत राहायचं.

२०२३ च्या डिसेंबरात मिलच्या कामगारांच्या थकलेल्या देण्याचे २२४ कोटी सुटले, बत्तीस वर्षांनी. बाबांच्या वाट्याचे जोडखात्यात आले म्हणून हाती लागले. ह्यांनी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "बाबा, मिलचे पैसे आले." बाबा म्हणाले, "आज पगार? मग हजेरी कोणी घेतली?"

ती एफडी अजून तशीच आहे.

३. खरं-खोटं करू नका

पहाटे पाचला बाबा उठतात, कपडे मागतात, भोंगा झाला म्हणतात. हे सहा महिने त्यांना समजावत होते की बाबा, मिल कधीच बंद झाली. दर वेळी बाबांना ती बातमी नवी. दर वेळी तोंड पांढरं पडायचं, मग राग, मग आरडाओरडा, आणि तासाभराने पुन्हा "भोंगा झाला."

एक दिवस मी जुनी वही आणि पेन्सिल पुढे ठेवली. "बाबा, आज साहेबांनी हजेरी घरीच भरायला सांगितली आहे." ते बसले आणि दीड तास रकान्यांत टिंबं मारत होते. मी पोळ्या केल्या.

खोटं बोलणं झालं का? झालं. मी रोज दहा वेळा बोलते.

सासूबाई २०१५ मध्ये गेल्या. बाबा विचारतात, "ही कुठे गेली?" गेल्या असं सांगू नका. त्या माणसासाठी दर वेळी ते पहिलंच ऐकणं असतं. मी म्हणते, "आईंची आठवण आली का? त्यांच्या हातची आमटी कशी असायची हो?" मग ते आमटीवर येतात.

चोरीचा आळ येईल, आणि तो सगळ्यात जास्त करणाऱ्या माणसावरच येतो. माझ्यावर घड्याळ चोरल्याचा आला, शेजारच्या काकूंसमोर. पहिल्या वेळी मी रडले. आता मी म्हणते, "चला, आपण दोघं मिळून शोधू," आणि तसल्याच दिसण्याचं दुसरं घड्याळ उशीखाली असतं. शेजाऱ्यांना आजाराचं आधीच सांगून ठेवा, म्हणजे असले प्रसंग निभावतात.

संध्याकाळी दिवेलागणीला बेचैनी वाढते. दुपारी फार झोपू देऊ नका, चारनंतर चहा नको, आणि अंधार पडायच्या आतच सगळे दिवे लावा. बातम्यांचा आवाज बंद. आमच्याकडे त्या वेळी रामरक्षा लावतो. बाकी सगळं गेलं, पण रामरक्षा पाठ आहे.

४. घरात काय बदलायचं

न्हाणीघराची आतली कडी काढा. हे आधी. आत कोंडून घेतलं की त्यांना कडी उघडायचं सुचत नाही आणि बाहेरून तुम्हाला काही करता येत नाही. भिंतीला धरायला दांडे लावा, खाली न घसरणारी चटई टाका. रात्रभर एक दिवा चालू ठेवा, आणि संडासाच्या दारावर चित्र लावा, अक्षरं नव्हे. आरशातला माणूस त्यांना परका वाटायला लागला की आरसा झाका. रात्री गॅस सिलिंडरपाशी बंद करा. औषधं कुलपात.

कपडे एकावर एक अशा क्रमाने ठेवा की जे आधी घालायचं ते वर. लेंग्याची नाडी काढून इलॅस्टिक घाला. नाडीची गाठ सुटली नाही म्हणून बाबांची संडासला जाईपर्यंत धांदल व्हायची, आणि आम्ही समजत होतो की ताबा गेला. इलॅस्टिक घातलं आणि पुढचं वर्षभर डायपर लागलं नाही.

खाण्यात इंदूरकरांना एक सांगायचंच आहे: शेव. पोह्यांवर कोरडी शेव भुरभुरली की गिळताना ठसका लागतो. आजार पुढे सरकला की कोरडं आणि पातळ एकत्र असलेलं काहीही धोक्याचं. पोहे मऊ करा, शेव आधी दह्यात भिजवा. सरळ बसवून भरवा, लहान घास, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. घशात घरघर, जेवताना खोकला सुरू झाला तर डॉक्टरांना दाखवा. घास श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया ह्या आजारात नेहमीचा.

५. घराबाहेर निघून गेले तर

जाणारच, असं धरूनच तयारी करा.

बाबा गेले ते डिसेंबरात, पहाटे, लोकरी टोपी घालून. आम्ही रामबाग, नारायण बाग, राजवाड्यापर्यंत पालथं घातलं. साडेसातला फोन आला, "भिया, आपके बाबूजी यहाँ बैठे हैं, पोहे खा रहे हैं." मिलच्या बंद गेटाच्या बाजूची पोह्यांची गाडी. बाबा गेट उघडायची वाट बघत होते.

फोन येऊ शकला तो सदऱ्याच्या कॉलरच्या आत शिवलेल्या पट्टीमुळे. नाव नको, फक्त दोन मोबाइल नंबर, पक्क्या शाईने. खिशात चिठ्ठी ठेवू नका, ती फेकली जाते. सगळ्या सदऱ्यांना पट्टी लावा. आम्ही आधी दोनच सदऱ्यांना लावली होती, त्यातला एक त्या दिवशी अंगात होता हे नशीब.

दर महिन्याला एक ताजा फोटो फोनमध्ये घ्या. शोधताना आधी जुने रस्ते बघा: कामाची जागा, जुनं घर, माहेर, शाळा. अर्ध्या तासात सापडले नाहीत तर ११२ लावा. चोवीस तास थांबावं लागतं असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. आणि रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक) असतात त्या दिवशी एक माणूस फक्त दाराशी बसवा. हुकुमचंद मिलची झांकी दाखवायला आम्ही एकदा हौसेने घेऊन गेलो. त्या ढोलांत आणि गर्दीत बाबा इतके घाबरले की जेल रोडवरून त्यांना अक्षरशः उचलून आणावं लागलं.

६. एका दिवसात बिघडलं तर तो डिमेन्शिया नव्हे

डिमेन्शिया बहुतेकदा महिन्या-महिन्याने वाढत जातो. काल बोलणारा माणूस आज ओळखत नाही, भलतं दिसतंय म्हणतो, किंवा उठतच नाही, तर दुसरं काही झालंय. लघवीचा संसर्ग, छातीत कफ, पाणी कमी पडणं, चार दिवसांची बद्धकोष्ठता, पडून लागलेला मार, नवं औषध. म्हाताऱ्या माणसाला संसर्गात ताप येईलच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. "आजार वाढला" म्हणून आम्ही तीन दिवस घालवले आणि निघाला लघवीचा संसर्ग.

मेडिकलमधून सर्दीची, झोपेची गोळी स्वतःहून आणू नका. सर्दीच्या काही जुन्या औषधांनी गोंधळ दुप्पट होतो.

७. मदतनीस ठेवताना

अंघोळीसाठी पुरुष अटेंडंटच ठेवला. सुनेकडून अंघोळ करून घेताना बाबा हात झटकायचे ते आजारामुळे नव्हे, लाजेमुळे, हे मला फार उशिरा कळलं. एजन्सीला एक महिन्याहून जास्त आगाऊ पैसे देऊ नका (आम्ही तीन महिन्यांचे दिले, माणूस अकरा दिवस आला). आधारची प्रत घ्या, पोलिसांत पडताळणी करा.

आणि भाषा. मागाहून शिकलेली भाषा बहुतेकदा आधी जाते, आईची शेवटी. बाबा सत्तर वर्षं बाहेर हिंदी बोलले, आता मराठीशिवाय काही येत नाही, आणि आमचा अटेंडंट कैलाश महूकडचा, हिंदी बोलणारा. पहिल्या आठवड्यात बाबांचं पोट बिघडलं. का, ते मी जेवताना बसून बघितलं तेव्हा कळलं. बाबा म्हणायचे, "पुरे." कैलाशला वाटायचं, पूरा दे दो. तो आणखी वाढायचा. बाबा माणुसकीने त्याला "बस, बस" म्हणायचे, खाली बस म्हणून, तर तो समोरून ताट उचलायचा. "खाली" म्हणजे पलंगावरून खाली उतरायचंय, तो बघायचा पाण्याचा ग्लास खाली झाला का.

फ्रिजवर यादी लावली. वीस शब्द, मराठी आणि समोर हिंदी: पुरे, बस, खाली, नको, दुखतंय, लघवी, थंडी वाजते, पाठ खाजवते. तुमच्या घरची यादी तुम्हीच करा, तुमचा माणूस कोणते शब्द वापरतो ते दोन दिवस टिपून.

८. तुमचं स्वतःचं

दोन दिवसांसाठी येणारे नातेवाईक "बाबा तर ठीक दिसतायत" म्हणणारच, कारण पाहुण्यांसमोर माणूस सावरून बसतो. वाद घालू नका. भाऊजी आले तेव्हा मी औषधांचा डबा आणि फ्रिजवरची यादी दाखवली आणि चार दिवस उज्जैनला बहिणीकडे गेले. परत आले तेव्हापासून अटेंडंटचा निम्मा पगार पुण्याहून येतो.

ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७, आणि तुमचंच मन थाऱ्यावर नसेल तर टेली-मानस १४४१६. फुकट आहेत. रात्री दोनला मी एकदा दुसरी लावली, काही विचारायचं नव्हतं, नुसतं बोलले.

कैलाश आता स्वतःच बाबांना "पुरे?" विचारतो. बाबा कधी मान हलवतात, कधी हलवत नाहीत. सदऱ्यांच्या पट्ट्यांवरची शाई धुऊन धुऊन फिकी झाली आहे, ती ह्या रविवारी पुन्हा गिरवायची आहे.